नत्थुजीची म्हैस

१२ जानेवारी १९६१, अमरावती

बसली बाई एकदाची लिहायले. संध्याकाळच्या वर्गातल्या बाईंनी सांगितलं होतं, केशरबाई, अक्षरं आली, आता हात बसला पाहिजे, रोज जे होईल ते चार ओळी लिहीत जा. रोज काही होत नाही. भाकरी होते, ती काय लिहायची? म्हणून ज्या दिवशी काही होईल त्या दिवशी लिहिणार. बाईंनी माझ्याकडून 'ळ' फार गिरवून घेतला. तोंडातून तो अजून येत नाही, आम्ही दळणाले दयण म्हणणार, डोळ्याले डोया म्हणणार. पण कागदावर काढायले मले आवडते. दोन कांदे बाजूबाजूले ठेवल्यासारखा दिसते.

आज झालं ते असं. आमच्या उत्पलाले, माझ्या देवमनच्या पोरीले, आता बोलणं फुटलं. दिवसभर बोट दाखवते अन् विचारते, "हे का?" तवा. "हे का?" कावळा. "हे का?" आजीचा दात. नाव सांगितलं का पोरगी अशी खूश होते, जशी ती वस्तू तिच्या पदरात पडली. कावळा म्हटलं का कावळा तिचा. माझी सून मनकर्णा म्हणते, डोकं खाते पोरगी. खाऊ दे, माझं डोकं आहे, म्हाताऱ्या डोक्याचं दुसरं काय करायचं?

तर तिले कडेवर घेऊन, डोक्यावर जवारीचा डबा ठेवून मी चक्कीवर गेली. गल्लीच्या तोंडाशी महादेवरावची चक्की आहे. माणूस वाईट बोलत नाही. कधीच नाही. "या माय, ठेवा डबा," म्हणते. आपण डबा रांगेत ठेवला का त्याचा हात येते अन् डबा मागं सरकते. मागून आलेल्या बाया दळून घेऊन जातात, आपण भिताडाले टेकून उभ्या. विचारलं तर, "होऊन जाईल माय. गहू आधी, मंग जवारी." मागून आलेली जवारी पण आधी जाते. तेव्हा म्हणते, "या बायायले घाई हाय."

खरं कारण साऱ्यायले माहीत आहे. चक्कीच्या दगडात मूठभर पीठ अडकून राहते, ते मागच्याच्या डब्यात पडते. आमच्या पिठामागं कोणाचं पीठ नको, म्हणून आमचे डबे शेवटी. दीक्षा घेऊन पाचवं वर्ष लागलं, कायदा झाला, आता कोणी नाही म्हणत नाही. फक्त डबा सरकते.

आज डबा सरकला अन् उत्पलाचं बोट गेलं. "हे का?" मी म्हटलं, हात. "हे का?" डबा. बोट तिथंच. तिले हात नको होता, डबाही नको होता. ते मधात जे झालं, ते पाहिजे होतं. माझ्या तोंडून काही निघेना. पोरीनं मले इतके दिवस विचारलं, अन् पहिल्यांदा मी तिले रिकामी परत पाठवली. फार झोंबलं.

१३ जानेवारी

सापडलं! लुगडं धुता धुता सापडलं.

माझं माहेर तिवस्याकडचं. तिथं नत्थुजीची एक म्हैस होती. ती रोज वावराच्या वाटेवर मधोमध बसे. मारत नव्हती, शिंग उगारत नव्हती. माणसानं हाकललं तर मोठ्या मायेनं पाहे, कान हालवे, अन् बसून राही. तुम्ही काट्याकुट्यातून फिरून जा. पाटलाकडे कागाळी नेली तर पाटील म्हणे, तिनं केलं काय? खरंच, काही केलं नाही तिनं. फक्त बसली होती.

मी ओले हात तसेच घेऊन घरात गेली अन् मनकर्णेले म्हटलं, "महादेवराव जे करते ना, ती नत्थुजीची म्हैस होय." तिले गोष्ट सांगितली. ती पोळपाटावर डोकं टेकून हसली. मंग डोळे पुसत म्हणे, "आत्याबाई, दवाखान्यात बी बसते ती. नळावर बी बसते. मले आतापर्यंत वाटे, माह्याच नशिबाचं काही हाय."

उत्पलाले घेऊन परत चक्कीवर गेली, मुद्दाम, दळण नसताना. आमच्या भिंतीपलीकडच्या सुंदराबाईचा डबा सरकत होता. मी म्हटलं, बाळ, ती पाह्य, म्हैस. पोरगी खूश.

२२ जानेवारी

नऊ-दहा दिवसांत म्हैस साऱ्या मोहल्ल्यात फिरली. सुंदराबाईनं पहिल्याच दिवशी चार घरी नेली. आता बाई बाजारातून आली का दुसरी विचारते, "काय व, आज कोठी बसली होती?" ती सांगते, कापडाच्या दुकानात. अन् दोघी हसतात. आधी याच बाया घरी येऊन चुलीपुढं तोंड पाडून बसत. गोष्ट तीच, पण आता ती बाहेर आहे, आपल्या पोटात नाही. मले असं वाटते. बाईंना विचारलं पाहिजे, असं वाटणं बराबर का नाही.

अन् गंमत अशी, आता बाया माझ्याकडे येतात, वैद्याकडे यावं तशा. "केशरमाय, एक गोष्ट होते, तिले नाव पाहिजे." काल सुंदराबाई आली. ती एका घरी शिकवणीवालीकडे पोरगी घेऊन गेली होती. ती बाई गोड बोलली, म्हणे आम्ही काही मानत नाही हो, पण घरात म्हाताऱ्या सासूबाई आहेत, त्यांना चालत नाही, मुलीला ओसरीवर बसवू. सुंदराबाई म्हणे, "अशी सासू मी धा घरी ऐकली. एकबी डोयानं पाह्यली नाई."

मले रागच आला. साऱ्या जगाचं पाप म्हाताऱ्यायच्या माथी! मी म्हटलं, हिचं नाव आतली म्हातारी. ती कधी बाहेर येत नाही, खोकत नाही, मरत पण नाही.

अन् कोणी म्हणते ना, "तुमच्यातली असून किती स्वच्छ राहता", तो गुळातला खडा. हे नाव मनकर्णेनं ठेवलं. मी म्हटलं चांगलं आहे. माझ्यापेक्षा चांगलं आहे, पण तसं म्हटलं नाही.

स्वच्छतेवरून आठवलं. माझा देवमन फार टापटिपीचा. मॅट्रिक झाला, सरकारी हापिसात हंगामी कारकून आहे, कायम व्हायचं आहे. रोज पिशवीत आपला पितळेचा पेला घेऊन जाते, रोज परत आणते, स्वतः राखेनं घासते. मी त्याले कधी शिकवलं नाही. उपजतच.

२९ जानेवारी, रविवार

आज विहारातली वंदना झाल्यावर बाया बसल्या होत्या. चतुराबाईनं विचारलं, "अन् जे कोणी करत नाई, आपणच करतो, त्याले काय म्हणाचं? मी साहेबाच्या हापिसात जातो तं कोणी काही म्हणाच्या आधीच चपला हातात घेतो. कोणी सांगितलं होतं?"

माझे मालक, चंद्रभान, आठवले. गावी आमच्या झोपडीचं दार इतकं बुटकं, का वाकल्याशिवाय आत जाता येत नसे. मंग अमरावतीले आलो, या घराचं दार उंच. पण हा माणूस मरेपर्यंत या दारातून वाकून आत आला. मी हसे. ते म्हणत, सवय आहे व.

मी म्हटलं, त्याचं नाव चंद्रभानचं दार. कोणी हसलं नाही. चतुराबाई पदराचं टोक पिळत बसली.

घरी देवमनले कळलं. जेवता जेवता हात थांबवला. "माय, बाबाले काहून मधात आणलं?"

"त्यायले वाईट थोडं म्हटलं?"

"लोकं बोलतीन ना आता. देवमनच्या बापाचं दार."

"बोलू दे. बापाची आठवण तं राहीन."

"तुले समजत नाई, माय. तू घरात बसून नावं ठेवतं, मले बाहेर चाला लागते." ताट सारलं अन् उठला.

चुकलं का माझं? मालक असते तर हसले असते, हे मले माहीत आहे. पण पोराचं तोंड पाहून मी पण ताट सारलं. तरी नाव बराबर आहे. दोन्ही खरं आहे, काय करावं?

३ फेब्रुवारी

आज चक्कीवर तमाशा. जमुनाबाई, ती कुणब्याची, वडाळीकडे वावर आहे तिचं, माझी जुनी मैतरीण, म्हणजे भांडायची मैतरीण, ती आली. माझा डबा मागं सरकलेला पाहून मोठ्यानं म्हणते, "काय महादेवराव, म्हैस बसली वाटते!" तिले वाटलं गमतीचा शब्द आहे, साऱ्या बाया म्हणतात म्हणून म्हटलं. तिच्या मागच्या दोघी तोंडावर पदर घेऊन हसल्या. त्या पण आमच्यातल्या नाहीत.

महादेवराव लाल. चक्कीच्या आवाजावर आवाज चढवून माझ्याकडे पाहून म्हणे, "केशरबाई, हे तुमचं काम हाय. तुमी लोकायले नावं ठेवता!"

मी म्हटलं, "लोकायले नाई ठेवलं. जे होते त्याले ठेवलं. तुमाले काहून लागलं?"

"मी कोणाले नाई म्हटलं आजलोक? सांगा, आजपर्यंत कधी म्हटलं?"

"नाई म्हटलं. म्हणूनच तं नाव शोधा लागलं."

जमुनाबाई मले वाटेत म्हणे, "तू बी ना केशर, सापाच्या शेपटावर पाय देऊन वर त्याले इचारतं, दुखलं का." पण हसत होती.

९ फेब्रुवारी

आता खरं संकट.

महादेवरावचा साळा खुशालराव, देवमनच्या हापिसात बडेबाबू आहे. देवमनच्या कायम व्हायचा कागद त्याच्याच टेबलावर. आज त्यानं देवमनले बोलावलं. रागावला नाही म्हणे. खुर्ची दिली नाही, पण रागावला नाही. म्हणे, "देवमन, तू हुशार आहेस. आईला समजव. चक्कीवर जाऊन चार बायांसमोर चुकलं म्हण म्हणावं, अन् ते शब्द बंद. नाही तर अकोल्याला हंगामी जागा आहे, तिकडे माणूस पाहिजेच आहे. मग कायम व्हायचं केव्हा जमेल, मी सांगू शकत नाही."

देवमन उभ्या उभ्याच सांगत होता. पिशवी पण खांद्यावरून काढली नव्हती. "माय, एका शब्दाचं काम हाय. 'चुकलं' म्हण अन् ये. महादेवराव म्हणते, मंग तुह्या एकटीचा डबा आधी घेतो."

"माह्या एकटीचा?"

"हो."

"अन् सुंदराबाईचा?"

त्यानं खांद्यावरची पिशवी सारखी केली. नोकरी पोराची आहे. हे घर तिच्यावर उभं आहे. उत्पला उद्या शाळेत जाईल ती तिच्यावरच. मी काय बोलू?

११ फेब्रुवारी

काही सुचत नाही. भाजीत मीठ दोनदा टाकलं.

एक मन म्हणते, केशर, तू म्हातारी झाली, तुझे शब्द मोठे का पोराची भाकर? जा, म्हण चुकलं, जीभ थोडीच झिजते. दुसरं मन म्हणते, चुकलं म्हटलं का म्हैस परत पोटात जाऊन बसेल. माझ्याच नाही, साऱ्यायच्या.

मनकर्णेले विचारलं. ती कणीक मळत होती. म्हणे, "आत्याबाई, मले नका इचारू. मी हो म्हटलं तं तुमचं मन मोडते, नाई म्हटलं तं त्यायचं." मंग पुष्कळ वेळानं, मी विचारणं विसरून गेल्यावर, "जासान तं उत्पलाले घेऊन जाजा. तिलेबी दिसू द्या, काय म्हणता ते."

हे तिनं जा म्हणून सांगितलं का नको म्हणून, मले अजून समजलं नाही.

देवमनले म्हटलं, जातो बाबा मंगळवारी. म्हणतो. तो माझ्या पाया पडला. मले ते पाहवलं नाही.

१४ फेब्रुवारी

अक्षर वाकडं आलं तर येऊ दे.

गेली. कडेवर उत्पला, डोक्यावर डबा. चक्कीवर गर्दी होती, कोणीतरी सांगून ठेवलंच असेल. सुंदराबाई, चतुराबाई भिताडापाशी, माझ्याकडे पाहत नव्हत्या. जमुनाबाई दारात. महादेवराव पिठानं पांढरा, मोठ्या मनानं म्हणे, "बोला माय. मी मनात काही ठेवत नाई."

मी खरंच म्हणणार होती. घरून घोकत आली होती. "चुकलं" हा शब्द जिभेवर होता. पण पोरगी कडेवरून त्याच्या हाताकडे बोट दाखवून मोठ्यानं म्हणाली, "म्हैस!"

कोणी हसलं नाही. अन् मले वाटलं, हिले आता मी सांगू का हे नाव खोटं आहे? कावळ्याले कावळा म्हणू नको?

मी म्हटलं, "महादेवराव, माह्या शब्दानं तुमाले दुःख झालं. मी आजपासून सोडतो तो शब्द. फक्त त्याच्या जागी दुसरा द्या. आमचा डबा मागं जाते, त्याले तुमी काय म्हणता? तुमचा जो शब्द असंन, तोच मी वापरीन."

"त्याले काय म्हणाचं? ते... गहू आधी."

"जमुनाबाईची जवारी हाय. ती मागून आली, पुढं गेली. त्याले काय म्हणता?"

"रीत हाय."

"कायची रीत? नाव सांगा तिचं. जोरानं सांगा, बायायले चक्कीत आयकू येत नाई."

त्यानं तोंड उघडलं. मिटलं. त्याले शब्द माहीत होता, साऱ्यायले माहीत होता. पण तो शब्द तोंडातून काढला तर कायदा आहे, अन् कायद्यापेक्षा जास्त म्हणजे इतक्या बाया आहेत. मी उभी राहिली. लोकं म्हणतात म्हातारी माणसं घाईची असतात. मले काही घाई नव्हती.

शेवटी जमुनाबाईच वैतागली. "अवो महादेवराव, शब्द सापडत नाई तं राहू द्या! मले वावरात जाणं हाय. केशरचा डबा टाका, तिच्यामागं माहा टाका, अन् मोकये करा!" हे तिनं माझ्यासाठी नाही केलं, वावरासाठी केलं. तरी डबा तिनंच पायानं पुढं ढकलला.

महादेवरावनं चक्की बंद केली. म्हणे, पट्टा घसरला. घसरला नव्हता, आम्ही पाहत होतो.

कोणाचंच दळण झालं नाही. सांजच्याले गल्लीत घरोघरी खिचडीचा वास. चक्कीमागं राहणाऱ्या खुशालरावच्या घरून पण.

घरी देवमन वाट पाहत होता. "म्हटलं?" मी म्हटलं, "विचारलं." तो भिताडाकडे पाहत बसला. मी चुकलं म्हटलं नाही, हे लिहून ठेवते. अन् मले भीती वाटून राहिली, हेही लिहून ठेवते.

१९ फेब्रुवारी

लिहिता लिहिता हसू येते आहे, मनकर्णा म्हणते आधी हसून घ्या मंग लिहा.

चक्की किती दिवस बंद ठेवणार? पोट त्याले पण आहे. चालू केली. अन् आज माझा डबा रांगेत होता तिथंच घेतला! पण हा माणूस भलता हुशार. माझं दळून झाल्यावर त्यानं कोपऱ्यातल्या टोपल्यातून आपली मूठभर जवारी काढली, चक्कीत टाकली, ते पीठ वेगळ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, धरलं, अन् मंग जमुनाबाईचा डबा लावला. म्हणजे माझं उरलेलं पीठ त्या मुठीबरोबर निघून गेलं, चक्की धुतल्यासारखी झाली. सुंदराबाईच्या डब्यामागं पण तेच.

बाया पाहत राहिल्या. मी नाव शोधतच होती, तेवढ्यात सुंदराबाईनं भोळेपणानं विचारलं, "महादेवराव, ते गंजातलं पीठ कोठी जाते?"

"घरी."

"कोणाच्या?"

"माह्या. मंग काय फेकू? पीठ हाय ते."

 जमुनाबाईच्या ध्यानात पहिले आलं. ती डब्यावर बसली अन् मांडी बडवून हसली. "आवो महादेवराव! साऱ्या गल्लीले वाचवता वाचवता केशरच्या घरचं पीठ तुमीच खाऊन राहिले!"

"अन् आधी?" चतुराबाई म्हणे. ती बाई मोठ्यानं बोलली, मी पहिल्यांदा ऐकलं. "आमचे डबे शेवटी, तं रातभर आमचंच पीठ दगडात. सकायी ते काढायले पहिली मूठ कोणाची टाकत होते?"

त्यानं गंज पायानं मागं सरकवला. पण आतून, पडद्यामागून, त्याची बायको बोलली, "आमचीच. आजलोक आमचीच!" अन् ती पण हसली की रडली, नीट समजलं नाही.

म्हणजे इतकी वर्षं! जिले वाट अडवायले बसवली, तिचं दूध याच्याच घरी!

२२ फेब्रुवारी

मूठ बंद. टोपलंच दिसत नाही. डबे रांगेनं. मात्र बाया टक लावून पाहतात, माझं पीठ पडताना कोणाचा डबा मागं आहे ते मान वर करून पाहतात, अन् महादेवराव कोणाकडेच पाहत नाही. सुंदराबाई छाती काढून उभी राहते. मी पण.

८ मार्च

हुकूम आला. अकोला. हंगामी. कायम व्हायचं राहिलं.

माझ्यामुळं. साऱ्यायनं सांगितलं होतं, माझ्यामुळं. मी देवमनपुढं बसली अन् म्हटलं, "बाबा, आता दे मले शिव्या." तर तो म्हणे, "तुह्यामुयं नाई, माय." मले बरं वाटावं म्हणून म्हणाला, लेकरू आहे माझं. मी म्हटलं, "मंग कोणामुयं?" तर म्हणे, "तहान लागली होती." उन्हानं पोराचं डोकं फिरलं वाटते.

अन् वेंधळा पण झाला आहे. पिशवी पाहिली तर पेला नाही. म्हटलं, पेला कोठी? म्हणे, हापिसात, माठाजवळ, साऱ्यायच्या पेल्यात ठेवला. "अन् पाणी कायनं पिलं?" म्हणे, "जो हाती आला त्यानं." मी म्हटलं, असं कोणाचंही उष्टं प्यायचं का, अन् आपला पेला साऱ्यायच्यात मिसळला तर ओळखू कसा येईल, खूण तरी करायची! हे ऐकून तो इतका हसला, इतका हसला, का मनकर्णा चुलीपासून उठून आली. मंग ती पण. अन् मंग ती रडली. मी मात्र पितळेचा पेला गेला म्हणून हळहळली. मालकाच्या हातचा होता.

३० मार्च, अकोला

खोली मिळता मिळत नव्हती. तीन ठिकाणी "आहे" पासून "आत्ताच दिली" पर्यंत झालं. एका घरी म्हणे, आमचं काही नाही पण आत म्हातारी आहे. मी म्हटलं, बोलवा की, मी पण म्हातारी आहे, दोघी बोलू. तो माणूस घाबरून आत गेला तो बाहेर आलाच नाही. देवमन मले म्हणणार होता, माय, गप बस. मी वाट पाहिली. त्यानं तसं म्हटलं नाही. उलट ओट्यावर माझ्या बाजूले बसला, म्हणे, "थांबू थोडं. येईन म्हातारी."

शेवटी रेल्वेच्या पलीकडे खोली मिळाली. नोकरीचं सहा महिन्यांनी पाहू म्हणाले. काय पाहतात पाहू.

४ एप्रिल

आज इथल्या चक्कीवर गेली. पूर्ण तयारीनं. पदर खोचला, काय काय बोलायचं ते वाटेत जुळवलं. गोवर्धन नावाचा म्हातारा आहे चक्कीवर, कानानं कमी ऐकते. दोन बाया पुढं होत्या. मी डबा ठेवला अन् त्याच्या हाताकडे पाहत राहिली.

हात आला नाही. पुढच्या दोघींचं झालं, माझा डबा उचलला. विचारलं, "बारीक का जाडं?" मी ऐकलंच नाही, त्याच्या हाताकडेच पाहत होती. परत ओरडून विचारलं, "बाई, बारीक का जाडं?" मी म्हटलं, जाडं. का म्हटलं कोण जाणे, आमच्याकडे बारीक लागते. माझ्या मागं एका बाईचा डबा लागला. मी तिच्याकडे पाहिलं. ती आपल्या पोराचं नाक पुसत होती. कोणी मान वर केली नाही. कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. गरम पीठ घेऊन मी परत निघाली, अन् वाटेत भिताडाले धरून उभी राहिली.

घरी आली. मनकर्णेले सारं सांगितलं. म्हटलं, "आजलोक मी वाईट गोष्टीलेच नावं ठेवली. आता हे जे आज झालं, याले काय म्हणाचं? सुचत नाई मले. सकायपासून शोधून राहिली. मोठं नाव पाहिजे व, साजेसं."

तिनं डब्यात हात घालून पीठ पाहिलं, चिमटीत चोळलं.

"याले नाव नसते, आत्याबाई. याले पीठ दयून आणलं म्हणतेत." अन् परातीत पीठ घेता घेता, "जाडं काहून आणलं?"

मले आधी राग आला. एवढं नावं ठेवणारी मी, अन् ही मले शिकवते. मंग विचार केला, ठीक आहे, वर्गातल्या बाईंनी सांगितलंच होतं, जे होईल ते लिहीत जा.

आज पीठ दळून आणलं. थोडं जाडं झालं.